शिसे मोजू द्या

“एकदा भस्म झाले की धातू उरतच नाही.” रसौषधांची, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधांची, बाजू घेणारा माणूस वादाला बहुधा याच वाक्याने तोंड फोडतो. बेंगळुरूतल्या मराठी घरांत हे वाक्य मी सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंजिनिअरांकडून ऐकले आहे, निवृत्त प्राध्यापकांकडून ऐकले आहे आणि पुण्याहून महिन्याची औषधे कुरिअरने मागवणाऱ्या आजींकडूनही ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आपल्या पूर्वजांच्या विद्येला कुणी उगाच नावे ठेवू नयेत, एवढेच त्याचे म्हणणे असते. पण हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसांच्या हाडांत शिसे साठते आहे. म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा, आणि तो रसशास्त्राचा मान राखून करायला हवा.

आधी त्यातले खरे काय ते पाहू. धातू कोणत्या रूपात पोटात जातो याला फार महत्त्व आहे. पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी रुग्णाला ग्लासभर पांढरे दाट द्रव पाजतात, ते असते बेरियम सल्फेट. जठरातल्या आम्लात ते विरघळत नाही. जसे आत गेले तसेच बाहेर पडते. तोच बेरियम कार्बोनेटच्या रूपात पोटात गेला तर आम्लात विरघळतो, रक्तात उतरतो आणि जीव घेऊ शकतो. उंदीर मारायला तो वापरत असत. तेव्हा ‘औषधात पारा सापडला’ एवढ्या बातमीवर निकाल देणाराही घाईच करतो. पारा आणि गंधक खलात घोटून केलेली काळी कज्जली, ती वालुकायंत्रात तापवल्यावर काचकुपीच्या गळ्याशी जमणारा लाल रससिंदूर, ताप आला की महाराष्ट्रात आजही सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीतला हिंगूळ, ही सगळी पाऱ्याची सल्फाइडे. पाण्यात ती जवळपास विरघळत नाहीत. माशांमधून शरीरात येणाऱ्या मिथाइल पाऱ्याच्या मानाने त्यांचा अगदी थोडा अंश आतड्यातून रक्तात जातो. मात्र कज्जली नीट घोटलेली असेल, तीत सुटा पारा उरला नसेल, मात्रा आणि मुदत पाळली असेल, तरच हे लागू पडते. चिकपेटमधल्या एखाद्या ग्रंथिगे अंगडीतून, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातून, किंवा ऑनलाइन मागवलेल्या डबीतली कज्जली किती घोटली आहे, हे घेणाऱ्याला कुठून कळणार?

शिशाच्या बाबतीत एवढीही सवलत मिळत नाही.

नाग भस्म, म्हणजे शिशाचे भस्म, कसे करतात ते जरा जवळून पाहावे. शिसे वितळवतात आणि तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा या पाच द्रवांत क्रमाने, प्रत्येकात सात सात वेळा ओततात. भांड्यावर मधोमध भोक असलेले झाकण ठेवावे लागते, कारण वितळलेले शिसे थंड द्रवात पडताच उसळून अंगावर येते. मग लोखंडी कढईत ते पुन्हा वितळवून वर पिंपळाच्या सालीची किंवा आघाड्याची पूड टाकत पळीने रगडत राहतात, पार भुगा होईपर्यंत. पुढे त्यात मनशीळ मिसळतात. मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग, सोमलाच्याच कुळातले. वनस्पतीच्या रसात हे सगळे खलायचे, चकत्या करून वाळवायच्या, दोन परळांत बंद करून सांध्याला कापडमाती करायची आणि गोवऱ्यांच्या आगीचे पुट द्यायचे. षष्टिपुटी नाग भस्मासाठी हे साठ वेळा. शेवटी हाती येणारी पूड बोटांच्या रेघांत जाऊन बसते, पाण्यावर तरंगते, तिच्यात धातूची चमक औषधालाही सापडत नाही. या हातकसबाबद्दल मला खरोखर आदर आहे. पण हीच पूड प्रयोगशाळेत तपासली तर तीत मुख्यतः शिशाचे सल्फाइड मिळते. कृती वेगळी असेल तर ऑक्साइडही मिळते. शिशाने रूप बदललेले असते, शिसे कुठेही गेलेले नसते. गोवरीच्या आगीत मूलद्रव्य बदलण्याची ताकद नाही. त्या सल्फाइडात वजनाने सुमारे ८७ टक्के शिसे असते आणि जठरातल्या आम्लात त्याचा काही अंश विरघळतो.

आता साधा हिशेब करू. समजा, दिवसाच्या मात्रेतून १० मिलिग्रॅम नाग भस्म पोटात गेले. म्हणजे सुमारे ८,७०० मायक्रोग्रॅम शिसे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या आहारातून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे जाऊ नये, अशी संदर्भ पातळी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धरली आहे. इथे ते जवळपास हजारपट झाले. भस्माचा कैवार घेणारा म्हणेल की त्यातले नव्याण्णव टक्के बाहेर पडते. तेही धरून चालू. उरलेला एक टक्का रक्तात उतरला तरी रोज ८७ मायक्रोग्रॅम होतात, आणि औषध महिनोन्महिने चालू असते. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, पण त्यातले बरेचसे हाडांत जाऊन बसलेले असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गर्भारपणात बाळासाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम सुटू लागते तेव्हा हे शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. वसंतकुसुमाकर रस आणि महायोगराज गुग्गुळ यांच्या ग्रंथोक्त पाठांत नाग भस्म आहे. पहिले औषध मधुमेहात देतात, दुसरे सांधेदुखीत. दोन्ही दुखणी वर्षानुवर्षे औषध घ्यायला लावणारी.

अलीकडे या जुन्या वाक्याला नवा मुलामा चढला आहे. भस्मे म्हणजे नॅनोकण, आणि नॅनो आले की सगळे प्रश्न संपले, असे भाषणांतून ऐकू येते. कण बारीक असतात हे खरे. पण कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि तितका तो विरघळायला सोपा. लोह भस्मात हा गुण उपयोगी पडेल. शिशात तोच घात करतो.

दुसरे वाक्य असे: हजार वर्षे लोक घेत आले, कुणाला काही झाले नाही. काही झाले नाही हे मोजले कुणी? शिशाची बाधा ओळखू येण्यासारखी नसते. पोटात कळा येतात, शौचाला होत नाही, हिमोग्लोबिन उतरते, मनगट लुळे पडते, माणूस चिडका होतो, मुलाचे अभ्यासात चित्त राहत नाही. यातल्या प्रत्येक लक्षणाला घरच्यांना, वैद्यांना आणि डॉक्टरांनाही दुसरी दहा कारणे सुचतात. ब्रिटनमध्ये दात येणाऱ्या बाळांना कॅलोमेलची, म्हणजे पाऱ्याच्या क्लोराइडची पुडी देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, ती रात्रंदिवस कळवळून रडत, काही दगावत. या दुखण्याला ‘पिंक डिसीज’ असे नाव मिळाले आणि त्यामागे जंतूपासून जीवनसत्त्वाच्या अभावापर्यंत नाना कारणे सांगितली गेली. १९४० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जोसेफ वॉरकनी यांनी अशा बाळांच्या लघवीतला पारा मोजला. १९५० च्या दशकात त्या पुड्या बाजारातून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग तो रोगही गेला. मायाळू आया होत्या, हुशार डॉक्टर होते, पिढ्यांचा अनुभव गाठीशी होता. पारा मोजेपर्यंत त्यातल्या एकालाही कारण दिसले नाही.

शिवाय परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी ती परंपरा वाचावी तरी. ताम्र भस्म झाले की ते दह्यात घालून ठेवायचे. दही हिरवट-निळे पडले तर भस्म कच्चे, रुग्णाला देऊ नये. घरच्या आम्लाने विरघळणारे तांबे पकडण्याची ही किती नेमकी युक्ती आहे! अपुनर्भव परीक्षेत गूळ, गुंज, मध, तूप आणि टाकणखार यांच्यासोबत भस्म तापवून धातू परत उठतो का ते बघायचे. निरुत्थ परीक्षेत चांदीबरोबर तापवून चांदीचे वजन वाढले का ते बघायचे. म्हणजे खलबत्त्याशेजारी तराजू होता. थोरांच्या तोंडून पुष्कळ ऐकले, शास्त्रात पुष्कळ वाचले, पण स्वतः करून पाहिल्याशिवाय काही लिहिले नाही, असे ‘रसेंद्रचिंतामणी’चा कर्ता सांगतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली निघाला. या ग्रंथकारांची हीच करून पाहण्याची वृत्ती त्यांनी जगापुढे मांडली. कच्च्या नाग भस्माने कोणकोणते विकार जडतात हेही जुन्या ग्रंथांत लिहिलेले आहे. नाग निर्धोक आहे असे त्या लोकांनी कधीच मानले नव्हते. त्यांच्या परीक्षा भस्मापाशी थांबत, कारण रक्तात उतरलेले शिसे मोजायचे साधन तेव्हा नव्हते. ते असते तर त्यांनी पहिल्या दिवशी वापरले असते. त्यांचे नाव पुढे करून मोजणी टाळणाऱ्यांचा मला म्हणूनच संताप येतो.

“अॅलोपॅथीत धातू नसतात का?” हा प्रश्न आला की समोरचा गप्प होतो, असा अनेकांचा समज आहे. अवश्य असतात, आणि उदाहरणासाठी बेंगळुरूबाहेर जायला नको. होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये मनोविकाराच्या रुग्णांना लिथियम कार्बोनेट दिले जाते. लिथियम हे खनिजच. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी विकले जाणारे लिथियम क्लोराइड माणसे दगावल्यामुळे बाजारातून काढून घ्यावे लागले. एकाच वर्षात एकच मूलद्रव्य एकीकडे औषध ठरले आणि दुसरीकडे विष. अमेरिकेने औषध म्हणून त्याला मान्यता दिली ती १९७० साली, रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची घडी बसल्यावर. आज लिथियम सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासतात. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी प्यायले, तर काय करायचे हे घरच्यांना बजावलेले असते.

सोमलाचेही तसेच. बेंगळुरूहून काही तासांवर वेल्लूरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात केवळ आर्सेनिक ट्रायॉक्साइड देऊन रुग्ण बरे झाल्याचा अनुभव तिथल्या डॉक्टरांनी २००६ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात मांडला. सोमलाने माणसे वाचली ती हृदयाचा आलेख, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांवर नजर ठेवून. काळा आजारावर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी अँटिमनीचे युरिया स्टिबामाइन तयार केले, तेही खनिजच होते. तेव्हा तुलना जरूर करावी, फक्त ती पुरती करावी. नाग भस्म लिहून देणारा वैद्य ज्या दिवशी त्याच कागदावर ‘चार आठवड्यांनी रक्तातले शिसे तपासून या’ असे लिहील, त्या दिवशी ही तुलना बरोबरीची होईल.

राहिली भारताला बदनाम करण्याच्या कारस्थानाची गोष्ट. डॉ. रॉबर्ट सॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अहवाल दिला. १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. आपल्याकडे गहजब झाला. २००८ साली त्यांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादने तपासली. त्यांतल्या २०.७ टक्क्यांत हे धातू मिळाले. भारतात तयार झालेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के होते आणि खुद्द अमेरिकेत तयार झालेल्यांत २१.७ टक्के. भारताला बदनाम करायला निघालेला माणूस आपल्याच देशातल्या कारखान्यांचा आकडा वरचढ कशाला छापील? त्याच पाहणीत रसशास्त्राच्या औषधांत धातू सापडण्याचे प्रमाण ४०.६ टक्के होते आणि इतर औषधांत १७.१ टक्के. मला तर दुसरा आकडा जास्त हादरवतो. ज्या डब्यांवर केवळ वनस्पतींची नावे आहेत त्यांत शिसे आले कुठून? २०१२ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने सहा गर्भवतींच्या रक्तात प्रति डेसिलिटर १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसे सापडल्याचे नोंदवले. त्या आयुर्वेदिक औषधे घेत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक भारतात जन्मलेल्या होत्या. आपल्याच मुली त्या. त्यांच्या रक्तातला आकडा खोडून काढायला कारस्थानाचा आरोप पुरत नाही.

आणि हे सगळे मी बेंगळुरूत बसून लिहितो आहे, याला अर्थ आहे. शिसे मोजायला देशाला शिकवले ते याच शहराने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशन आणि सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज यांच्या सहकार्याने इथून ‘प्रोजेक्ट लेड-फ्री’ चालला. जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक तुप्पिल व्यंकटेश या कामात अग्रभागी होते. सात शहरांत वीस हजारांहून जास्त लोकांचे रक्त तपासले गेले, आणि लहान मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांच्या रक्तात तेव्हाच्या १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद इथेच भरली. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिशाच्या विषबाधेसाठीचे राष्ट्रीय संदर्भ केंद्रही इथेच उभे राहिले. पेट्रोलच्या धुरातले शिसे नको म्हणणाऱ्या देशात चमचाभर मधातून दिलेले शिसे मात्र चालते, ही विसंगती मला पटत नाही.

कायदा काय म्हणतो? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. पारा आणि सोमल तीत आहेत. असे द्रव्य असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती असते बारीक अक्षरांत, इंग्रजी आणि हिंदीत. मराठी किंवा कन्नड वाचणाऱ्या आजीने काय करावे? १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. ज्यात धातू मुद्दाम घातलेला असतो ती रसौषधे त्यातून बाहेर राहिली. ग्रंथात पाठ आहे एवढ्यावर परवाना मिळतो, सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात खनिजांची रासायनिक मानके आता आली आहेत, हे चांगलेच झाले. पण ती डबीतल्या पुडीची मानके आहेत. रुग्णाच्या रक्तात किती उतरले, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

माझी मागणी साधी आहे. रसौषधाच्या प्रत्येक घाण्याची तपासणी व्हावी आणि दिवसाच्या मात्रेत शिसे, पारा, आर्सेनिक किती मायक्रोग्रॅम, हे लेबलवर तिथल्या भाषेत छापावे. परवाने राज्य देते, त्यामुळे दिल्लीची वाट न पाहता कर्नाटकाला आणि महाराष्ट्राला आपल्या कारखान्यांपासून सुरुवात करता येईल. पाऱ्याची औषधे चालू असलेल्यांचे मूत्रपिंड आणि लघवीतला पारा ठरावीक अंतराने तपासला जावा. नाग भस्माचे पाठ मात्र माझ्या मते थांबवावेत. मधुमेह आणि सांधेदुखी यांना शिशावाचून अडत नाही. लहान कारखाने बुडतील, असे यावर सांगितले जाते. एका घाण्यात हजारो गोळ्या निघतात, तपासणीचा खर्च त्यांच्यावर वाटला जातो. शंख, गोदंती, मंडूर, लोह, यशद ही सगळी खनिजे शिल्लक आहेत; त्यांचे काम करून कारखाना चालतो.

डॉक्टरांनाही एक सांगायचे आहे. आयुर्वेदाचे नाव काढताच तुम्ही रुग्णावर खेकसता, म्हणून तो गोळ्या लपवतो, आणि शिशाच्या कळांनी तळमळणाऱ्या माणसाच्या पोटाची सोनोग्राफी, स्कोपी सगळे होते, रक्तातले शिसे तेवढे कुणी तपासत नाही. शांतपणे विचारा: आणखी कोणती औषधे घेता, डबी घेऊन याल का?

ज्यांच्या घरात ही औषधे चालू आहेत त्यांनी ती डबी आज उलटी करून घटकद्रव्ये वाचावीत. नाग भस्म दिसले तर वैद्यांना भेटून ते बंद करावे आणि रक्तातले शिसे तपासून घ्यावे. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल ते घेत असेल तर एक दिवसही थांबू नये. रक्त शिरेतून द्यावे, कारण बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरचे शिसे मिसळू शकते. आकडा जास्त आला तर डबी फेकून देऊ नये. तीही तपासायला द्यावी.